वन्संचा जाडाभरडा आवाज

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात चाळीस मशिनं एकदम धडधडायची. शेजारणीशी बोलायचं तरी कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. भावजयीचं डोकं उठायचं. पण पलीकडच्या मशीनवर बसणाऱ्या तिच्या नणंदेला, वन्संना, त्या गोंगाटात कमालीचं बरं वाटायचं. का, ते भावजयीला नऊ वर्षं कळलं नाही.

वन्संचा आवाज जाडाभरडा, पुरुषी. सख्खा भाऊच त्यांना 'भोंगा' म्हणायचा. शाळेत गाण्याच्या बाईंनी बजावलं होतं, "तू नुसते ओठ हलव गं, आवाज काढू नकोस." ते वन्संच्या मनाला असं लागलं की पुढे त्यांना कुणी गुणगुणतानाही ऐकलं नाही. लग्न मोडलं तेव्हा कपड्यांची पेटी घेऊन भावाच्या दारात उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आले." त्यावर ना तक्रार, ना रडणं.

एका दुपारी कारखान्यातली वीज गेली. चाळीस मशिनं एका दमात गप्प झाली आणि मागे एक आवाज तेवढा उरला. कुणीतरी गात होतं. शब्द नव्हते, नुसता आ-कार. खालच्या पट्टीतला, भरदार. भावजयीने वळून पाहिलं तर वन्सं! हातात शर्टाची कॉलर, नजर कुठेतरी लांब. भानावर यायला त्यांना दोन क्षण लागले. मग त्यांनी जीभ चावली.

"सुट्टीचा भोंगा झाला वाटतं!" काजं करणारी एक पोरगी म्हणाली आणि फिसकन हसली.

कापड बेतणारे मास्तर मात्र हसले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली होती. तेव्हापासून ते मापांपलीकडे अक्षर बोलत नव्हते. कात्री खाली ठेवून ते वन्संपाशी आले.

"बाई, अर्धवट सोडू नका."

"मला गाता येत नाही हो, मास्तर."

"गा म्हणतोय कोण? मघाशी चाललं होतं ते चालू द्या."

वन्संनी भावजयीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्यांनी सूर लावला. वर चढताना आवाज चिरकला. त्या थांबल्या नाहीत. श्वास घेऊन पुन्हा त्याच जागी गेल्या, आणि या वेळी तिथे स्थिरावल्या. 'आले' म्हणून जे पोटात ठेवलं होतं ते सगळं त्या सुरात होतं, आणि तरी त्यात कुणाविषयी कडवटपणा नव्हता. मास्तर कापडाच्या गठ्ठ्यावर बसले आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.

मध्येच दिवे आले. पण वन्सं थांबेपर्यंत एकीनेही मशीन सुरू केलं नाही.

मग जेवणाच्या सुट्टीत रोजच आग्रह होऊ लागला. एक गायन क्लासवाल्या बाई मुद्दाम ऐकायला आल्या, शिकवते म्हणाल्या. वन्सं चार महिने गेल्या आणि क्लास सोडून आल्या. "त्या मला सारख्या वरच्या पट्टीत ओढतात गं. मला खालीच करमतं."

वर्षभराने मास्तर निवृत्त झाले. हार घातले, फोटो झाले, मालकांनी भाषणाचा आग्रह धरला. मास्तर उठले, दोनदा घसा खाकरला, आणि शेवटी म्हणाले, "माझ्या वतीने बाई बोलतील."

वन्सं भिंतीला टेकून चहा पीत होत्या. त्यांनी कप भावजयीच्या हातात दिला, पदर सारखा केला आणि जागेवरूनच गायला सुरुवात केली. भावजय तो चहा थंडगार होईपर्यंत धरून तशीच उभी राहिली.