खिंडीतली गुरं

सूनबाई आयर्लंडमध्ये लिक्सलिपला घरी फराळ करून विकते. चकल्या मी पाडून देते. दिवाळीआधी आम्ही दोघी उत्तर सरहद्दीजवळच्या क्लोन्सला डबे पोचवायला निघालो. माझा व्हिसा फक्त आयर्लंडचा. उत्तरेकडे ब्रिटनचं राज्य. तिथे सापडले असते, तर पुन्हा नातवंडांकडे येणं बंद. आणि त्या सरहद्दीवर फाटक नाही की चौकी नाही.

भरदुपारी धुकं उतरलं. फोन सांगेल तशी सून गाडी वळवत होती. मग त्याच फोनवर मेसेज आला, युकेमध्ये स्वागत.

"आई, आपण पलीकडे आलोय."

"मग फिरव मागे."

"मागे कुठे? रस्ता तरी दिसतोय का?"

एका मातीच्या बांधापाशी गाडी थांबली. बांध माणसाहून उंच, त्याला लागून खोल चर, आणि रस्ता मधल्या खिंडीतून गेलेला. तिथे एक म्हातारा कुत्रं घेऊन उभा होता. सून काच खाली करून त्याच्याशी बोलली आणि मला सांगितलं. बांध फार जुना. दोन वैरी राजांची हद्द. लढाया चालू असल्या तरी गुरं आणि लोणी या खिंडीतूनच बाजाराला जायचं. खिंड ओलांडली की आयर्लंड.

मी खाली उतरले. आमच्या गावी तळलेलं घेऊन शीव ओलांडताना तुकडा टाकतात, म्हणजे शिवेवरचं काही मागे लागत नाही. चकली मोडून बांधावर ठेवली.

"आई, पोलीस आला तर त्याला काय सांगू?"

"त्यालाही एक दे."

म्हाताऱ्याने टोपी काढली. कुत्रं चकलीपाशी आलं, वास घेतला आणि शेपूट घालून मागे सरलं.

मी गाडीत बसले, तर म्हाताऱ्याने हात आडवा धरला. धुक्यातून गुरं येत होती. दिसलं एकही नाही. खुरांचा आवाज, फुसकारे, ओल्या अंगांचा वास. दोन्हीकडून गाडीला घासत होती, गाडी हलत होती. सून स्टिअरिंग धरून बसली होती. तिला पोलिसाचीच भीती. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने हात खाली घेतला.

"कुणाची गुरं?" तिने विचारलं.

"इथलीच," तो म्हणाला.

आम्ही खिंडीतून निघालो. मी रस्ता बघत होते. माझा जन्म गोठ्यात गेला. एवढा कळप गेल्यावर रस्ता शेणाने भरायला हवा. एक पो नव्हता. चिखलात खुराचा ठसाही नव्हता.

पुढे क्लोन्सची पाटी दिसली.

"सुटलो ना, आई?"

"सुटलो," मी म्हटलं. "आता आरशात बघू नकोस."