गोड्या विहिरीपासून दूर गेलेला रस्ता

अकोल्याच्या मोजणी कचेरीत मी नकाशे काढायच्या कामाला लागलो, तेव्हा वऱ्हाडात कापसाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना आता आमचा कापूस हवा होता. रेल्वेचं काम अकोल्याकडे सरकत होतं. तेल्हाऱ्याकडून कापसाच्या गाड्या निघाल्या की त्यांची रांग संपता संपत नसे.

त्या गाड्यांची वाट आमच्या गावावरून जायची. गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. कुठेही विहीर खणा, पाणी तोंडात धरवत नसे. आमच्या मळ्यातली विहीर तेवढी गोडी. तिच्यावर बाबा वांगी, मेथी, गाजरं काढत, बांधाला झेंडू लावत. गाडीवान बैल सोडायचे ते आमच्या चिंचांखाली. माय त्यांना भाजी विकायची, चुलीला विस्तव द्यायची. ते तिला काकी म्हणत. कोणाची बायको बाळंत झाली, कोणाच्या लेकीची सोयरीक मोडली, हे सगळं तिला ठाऊक असायचं. हिवाळ्यात पहाटे गाड्या जुंपल्या की घुंगरांचा आवाज धुक्यातून लांब लांब जात राही आणि मी वाकळीत पडून तो ऐकत असे. अकोल्यातल्या भाड्याच्या खोलीत मला झोप लागत नसे ती या आवाजावाचून.

अशात जिल्ह्याच्या साहेबाने ठरवलं, की तेल्हाऱ्याकडचा कापूस स्टेशनावर आणायला पक्की सडक बांधायची. त्याचा पहिला विचार सरळ होता. आहे त्याच वाटेवर खडी-मुरूम टाकायचा. हे कानावर आलं त्या दिवशी मी कचेरीतून जवळजवळ पळतच खोलीवर गेलो. आता गावी जायचं म्हणजे चिखलात गाडी रुतणं नाही, आणि मायचं अंगण गजबजलेलं राहणार!

पण साहेब घाईचा माणूस नव्हता. हुकमावर सही करण्याआधी त्याने आमच्याकडून एक वेगळंच काम करून घेतलं. गावोगावचे मोजणीचे नकाशे जोडून एक मोठा नकाशा केला. त्यावर ठेवायला तेल लावलेले पातळ कागद घेतले, ज्यांतून खालचं आरपार दिसतं. एका कागदावर विहिरी, गोड्या निळ्या आणि खाऱ्या तांबड्या. दुसऱ्यावर जमीन, कुठे खोल काळी आणि कुठे मुरमाड. तिसऱ्यावर कपाशीचा पेरा आणि गाड्यांच्या वाटा. विहिरींचा कागद माझ्याकडे होता. माझ्या गावाशी आलो तेव्हा ब्रश धुऊन निळा रंग घेतला आणि आमच्या मळ्यात एक ठिपका दिला. तो मला फार देखणा वाटला.

सगळे कागद एकावर एक ठेवले आणि आम्ही टेबलाभोवती वाकलो. जुन्या वाटेवर गोवर उठल्यासारखे तांबडे ठिपके होते, खाली सगळी पावसात चिखल होणारी खोल काळी जमीन, आणि मधोमध माझा एकटा निळा ठिपका. उगवतीकडे मात्र एका नाल्याच्या काठाने निळ्या ठिपक्यांची ओळ गेली होती, तीही मुरमाड जमिनीवरून. ती वाट लांबची होती, पण कपाशीची बरीच गावं तिच्या जवळ येत होती. आजवर कोणालाच हे दिसलं नव्हतं, कारण आजवर कोणी या गोष्टी एकत्र पाहिल्याच नव्हत्या.

साहेब म्हणाला, "या एका विहिरीवर इतक्या बैलांचं भागतं का, ते तिथे जाऊन विचारू. नकाशात पाण्याची खोली दिसत नाही."

दोन्ही वाटांवरच्या गावकऱ्यांना आमच्या चिंचांखाली बोलावलं. नकाशा बाजेवर पसरला. आपलं गाव कागदावर बघायला माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकत होती. एक म्हातारा पाटील म्हणाला, "येवढंसं हाय आमचं गाव? लेका, यात माहा ढोरायचा वाडगा तं मावून नाही राहिला!" सगळे हसले.

मग साहेबाने बाबांना पुढे बोलावलं. कचेरीतला शिरस्तेदार दोघांचं बोलणं एकमेकांना समजावून देत होता.

"तुमची विहीर उन्हाळ्यात पुरते का?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पुरते म्हणा, एवढंच मी मनात म्हणत होतो. त्यांच्यामागे माय पदर तोंडाशी धरून उभी होती.

"नाही पुरत, सायेब," बाबा म्हणाले. "चैत लागला का मोट खाली टेकते. मांगच्या साली एक बैल इथंच खाली बसला तो उठलाच नाही. गाडीवान त्याच्या मानेले धरून रडून राहिला होता. गाड्या तं दरसाल वाढूनच राहिल्या. मी कोणाकोणाले पाणी पुरवू?"

सडक नाल्याकाठाने न्यायचं ठरलं. साहेब निघून गेल्यावर मी बाबांना म्हणालो, "आता आपल्याकडे कोणी येणार नाही, बाबा."

"मले समजत नाही का ते?" ते म्हणाले. "पण त्यायनं विचारलं तं खोटं कसं सांगू? तुह्या कागदावर बी तेच होतं ना?"

 माय वांग्यांच्या वाफ्यात जाऊन निंदत बसली.

सडक झाली. चिखलात अडकणारा कापूस वेळेवर स्टेशनाला लागू लागला, नाल्याकाठी दगडी हौद बांधले गेले. निर्णय चांगलाच होता. त्यात मला आजही खोट दिसत नाही. मी मात्र सुट्टीला गावी जायचो तेव्हा माय संध्याकाळी चिंचांखाली सडा घालताना दिसायची. "कोणासाठी ग?" असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. एकदा तीच म्हणाली, "तो तेल्हाऱ्याकडचा पोरगा होता ना, त्याले पोरगी झाली का पोरगा, समजलंच नाही बाप्पा." दोन पावसाळ्यांत जुनी वाट बाभळींनी भरली, मग शेजाऱ्यांनी ती नांगरून कपाशीत घेतली.

माझी बदली अमरावतीला झाली. मागाहून माय वारली आणि वर्ष फिरायच्या आत बाबाही गेले. मळा चुलतभावाकडे कसायला दिला.

बाबांच्या दिवसांवरून परतताना मी मुद्दाम नव्या सडकेने आलो. एका हौदाशी गाड्या सुटल्या होत्या आणि बैल माना खाली घालून पाणी पीत होते, सावकाश, पोटभर. मी तिथे बराच वेळ बसलो. बाबांना हे एकदा तरी आणून दाखवायला हवं होतं, असं फार वाटलं. शेजारच्या तरुण गाडीवानाने विचारलं, "कुठले तुमी, दादा?"

मी गावाचं नाव सांगितलं.

त्याने जरा आठवून पाहिलं. "या अंगाले नाही ते," तो म्हणाला. "कोनीकडं येते?"

मी हात वर करून मावळतीकडे दाखवलं. तिकडे नजर पोचेपर्यंत नुसती कपाशी होती.