संपतरावांनी बंद केलेली गोळी

ब्लड प्रेशर १७४ वर १०४. मी पुन्हा मोजलं. १७२ वर १०४. तीन आठवड्यांपूर्वी ते १३० वर ८० होतं.

"संपतराव, प्रेशरची गोळी चालू आहे ना?"

"व्हय."

मी फिजिओथेरपिस्ट. लकवा झालेल्यांना घरी जाऊन व्यायाम देतो. संपतराव कुंडलचे, वय अठ्ठेचाळीस, फौजेतून निवृत्त. डावी बाजू गेली होती. चार महिन्यांत ते काठीशिवाय चालू लागले होते. भेटायला येणाऱ्यांची सोय म्हणून त्यांची कॉट सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत टाकली होती.

मी पाकीट बघितलं. सहा गोळ्या उरायला हव्या होत्या. सत्तावीस होत्या.

त्यांच्या पत्नी सुनीताताई चहाला आत गेल्या, तसं मी दार लोटलं. "का बंद केली?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सर, त्या गोळीनं गडी कामातनं जातो म्हनं. आन् मी गेलोयच."

"न घेतल्यानं दुसरा झटका येईल. जीव जाईल."

"जाऊ दे की. हितं देवावानी बसायचं, येनारा-जानारा बघून जातोय. बायको आमच्या म्हातारीपाशी झोपती."

त्यांचा गुडघा किती अंश वाकतो, हे मी अकरा वेळा लिहिलं होतं. नवरा-बायकोच्या संबंधाचं एकदाही विचारलं नव्हतं.

पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं ते आता सांगितलं. लकवा, भीती आणि काही गोळ्या, तिन्हींमुळे लैंगिक अडचण येऊ शकते. गोळी डॉक्टर बदलून देतात. आपण बंद करायची नसते.

त्यांना विचारून सुनीताताईंशी बोललो. त्या उंबऱ्यातच थांबल्या. "मलाच भ्या वाटतं. परत झटका आला तर लोक म्हनतील, बायकोनंच खाल्ला. सासूबाई म्हनल्या, वरीसभर लांब ऱ्हा."

सांगलीच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. प्रेशर १३४ वर ८२ आलं. मग डॉक्टरांच्या परवानगीनं मी संपतरावांना जिना चढायला लावला, सलग दोनदा. चौतीस पायऱ्या. दोन मजले दम न लागता चढणाऱ्याला पती-पत्नीचा संबंध सहसा झेपतो, असा आमचा साधा अंदाज असतो. सुनीताताई खालून बघत होत्या.

"दम लागला?"

"न्हाई." मग खाली सुनीताताईंकडे वाकून, "बघितलंस न्हवं?"

"लय शानं. सावकाश उतरा आता."

पुढच्या आठवड्यात कॉट आतल्या खोलीत गेली होती. गोळ्या मोजल्या, एकही चुकली नव्हती. दोन महिन्यांनी विचारलं, तर म्हणाले, "पयल्यावानी न्हाई. पर हाय."

माझ्या तपासणीच्या फॉर्मवर चाळीस रकाने होते. आता एक्केचाळीस आहेत. शेवटचा रकाना रुग्ण एकटा असताना भरायचा, आणि विचारायचं आपणच.