बल आणि बळ

मंगळवारी दुपारी ४.१७ वाजता आमची बोट बंदराच्या तोंडाशी वाळूवर चढली. नायक अजित ती ढकलायला पाण्यात उतरला. तो परत बोटीत आला नाही. सुकाणू माझ्या हातात होतं.

मी उचगावचा, त्या वेळी हवालदार. अजित निपाणीजवळच्या जैन शेतकरी कुटुंबातला. घरात कन्नड, बाजारात मराठी. पश्चिम किनाऱ्यावरच्या लष्कराच्या त्या तुकडीत बेळगाव भागातले आम्ही दोघंच. बेटावरच्या चौकीला पाणी आणि रेशन पोहोचवणं हे आमचं काम होतं.

बंदरात शिरायची वाट अरुंद होती. दोन्ही बाजूंना वाळू, आणि ती एका जागी राहत नसे. जीपीएसवर खोल पाण्याचं जुनं चॅनेल दिसे, तिथे प्रत्यक्षात गुडघाभर पाणी असे. म्हणून अजित बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहून खुणा केलेल्या बांबूने खोली मोजायचा आणि दिशा ओरडून सांगायचा.

नियमाप्रमाणे शब्द होते पोर्ट आणि स्टारबोर्ड. अजित मात्र कन्नडवर जायचा. एड म्हणजे डावीकडे, बल म्हणजे उजवीकडे. आमच्या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही. इंजिनचा थ्रॉटल वाढवायला आमचा मराठी शब्द होता, बळ. चिखलात रुतलेली ट्रॉली ढकलताना गावाकडे तसंच ओरडतात.

"अजित, तुला भूकबी कन्नडात लागती काय रं?" मी विचारायचो.

"व्हय अण्णा. पण पोट मराठीत भरतंय. दोन चपात्या जादा वाढा."

बल म्हणताना तो उजवा हातही दाखवायचा. त्यामुळे घोळ कधी झाला नव्हता.

त्या दिवशी ३.२० ला चौकीवरच्या एका जवानाला फुरसं चावलं. विषावरचं इंजेक्शन बंदराच्या हॉस्पिटलात होतं. ३.४० ला त्याला घेऊन आम्ही निघालो. नर्सिंग असिस्टंट सोबत होता. ओहोटी लागली होती. पावणेपाचनंतर बंदराच्या तोंडावर बोट तरंगण्याइतकं पाणी राहणार नव्हतं. पुढची भरती येईपर्यंत हा टिकणार नाही, असं नर्सिंग असिस्टंटने सांगितलं.

४.१५ ला आम्ही तोंडावर पोहोचलो. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा एकमेकांवर आदळत होत्या. अजितने बांबू दोन्ही हातांनी धरला होता.

"चार फूट! साडेतीन!" आणि मग, "बल! बल!"

मी बळ ऐकलं. थ्रॉटल पुढे ढकलला. बोट सरळ वाळूवर चढली.

अजितने वळून पाहिलं. "बल म्हटलतो, अण्णा!"

मागून लाट आली. बोट आडवी होऊ लागली. मी हुकूम दिला नव्हता. त्याने बांबू टाकला आणि डाव्या बाजूने मांडीभर पाण्यात उतरला. बोटीच्या टोकाला खांदा लावून त्याने ते उजवीकडे रेटलं.

"आता बळ द्या!"

तिसऱ्या लाटेने बोट उचलली आणि ती चॅनेलमध्ये घसरली. त्याच लाटेत अजित खाली गेला.

मी रेडिओ घेतला. "कंट्रोल, मॅन ओव्हरबोर्ड. तोंडावर, उत्तरेची वाळू."

"बोट वळवता येईल?"

"नाही. उलटेल."

"पेशंट घेऊन आत या. दुसरी बोट पाठवतो."

"रॉजर."

४.२९ ला जेट्टी. ४.४० ला जवानाला इंजेक्शन मिळालं. तो वाचला.

दुसरी बोट अंधार पडेपर्यंत शोधत होती. अजित बुधवारी सकाळी ६.५० ला दक्षिणेच्या किनाऱ्यावर सापडला. लाइफ जॅकेट अंगात होतं. डोक्याला बोटीचा मार होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी दोन्ही शब्द लिहून दिले. अध्यक्षांना फरक कळेना. मी दोनदा उच्चारून दाखवले. ऐकण्यात चूक माझी झाली, हे जबाबात लिहिलं आणि सही केली.

रजेवर आल्यावर निपाणीकडे गेलो. अजितच्या वडिलांना, आप्पांना, सगळं सांगितलं.

"गडबडीत त्याला कन्नडच येत होतं," ते म्हणाले. "चहा घ्या."

पुढच्या पावसाळ्यानंतर चॅनेलची पुन्हा मोजणी झाली. ते दक्षिणेला सरकलं होतं. अजित जिथे उतरला, तिथे ओहोटीला आता कोरडी वाळू असते.