मडगार्डावरचा पंजा
ऑइलपेंटचा वास आला की चिकलठाण्याच्या भंगारात सापडलेला आमचा ट्रॅक्टर आठवतो. वडिलांनी तो विकून कैक वर्षं झाली होती, नंबरप्लेटही उरली नव्हती; पण मडगार्डावरची धूळ पुसली आणि आईच्या पंजाचा लाल ठसा दिसला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगात हात बुडवून ती तो दरसाल उमटवायची. "ह्यो बी आपला बैलच की," म्हणायची. आता ती नव्हती. मी ट्रॅक्टर विकत घेऊन उस्मानपुऱ्यातल्या मिस्त्रीकडं दुरुस्तीला टाकला. त्यानं फोनवर विचारलं, "भाई, पुराना रंग पूरा निकालूं क्या?" कामाच्या घाईत मी म्हणालो, "सगळा काढा, नव्यासारखा दिसू द्या." महिन्याभरानं वडिलांना घेऊन गेलो. इंजिन झकास धडधडत होतं, पण त्यांनी तिकडं बघितलंच नाय. ते सरळ मडगार्डापाशी गेले आणि त्या गुळगुळीत पत्र्यावर तळहात फिरवत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "तिचा हात कुठंय रं?" आज वडीलही नाहीत. दर पोळ्याला मी उरलेल्या रंगात हात बुडवतो, ट्रॅक्टरजवळ जातो आणि तसाच माघारी येऊन हात रॉकेलनं धुऊन टाकतो.