राघो पाटलाचे पाहुणे

राघो पाटलाला आयुष्यात कधी थंडी वाजली नाही, असं त्याचं स्वतःचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढण्याच्या भानगडीत गावात कुणी पडत नसे. टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या काठाला त्याचं गाव. आधी भातशेती, मग वीटभट्टी, मग रस्त्याकडची जमीन बिल्डरला देऊन बांधलेला दुमजली बंगला, असा त्याचा चढता आलेख. त्यात त्याने जमीन गमावली, गुडघा गमावला, पण एक गोष्ट मात्र भरपूर कमावली, ती म्हणजे दुसऱ्याला कमी लेखण्याची हातोटी. नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या लोकांना तो कबुतरं म्हणे. बिल्डर त्याच्या लेखी विटेची भाजणी न कळणारा माणूस होता. बांधाला बांध लागून असलेल्या पोपट भोईरबद्दल तर तो बोलतच नसे, नुसता नाकातून आवाज काढी.

आणि या सगळ्यांच्या वरताण त्याला हसू येई ते आपल्या मुलाच्या धंद्याचं. मयूर कल्याणच्या कॉलेजात बी.कॉम. झाला, चार ठिकाणी नोकऱ्या करून कंटाळला आणि नदीकाठच्या शेतात तंबू लावून बसला. ठाण्या-डोंबिवलीची माणसं शनिवारी येत, घरातल्या गाद्या सोडून ढेकळांवर झोपत आणि रविवारी खूश होऊन जात. राघोला हे पटवून घेणं जमलं नाही. चहाच्या टपरीवर कुणी विषय काढला की तो सांगे, ते येडे मयूरचे हायेत, माजा संबंध नाय.

त्याचा संबंध होता तो एकाच गोष्टीशी. गावाची होळी पेटवायचा मान पाटलांच्या घराचा. आजाने पेटवली, बापाने पेटवली, बाप गेल्यापासून राघो पेटवत आला. यंदा गुडघ्यामुळे होळीभोवती फिरणं कठीण होतं, म्हणून मान मयूरला द्यायचा असं त्याने ठरवलं आणि गावभर सांगूनही टाकलं. मयूर "ठीक आहे" म्हणाला. राघोने त्याला जणू बाजारातून येताना कोथिंबीर आणायला सांगितली होती, अशा आवाजात म्हणाला. राघोला ते लागलं, पण पोरगा होळी हातात घेतोय, एवढ्यावर त्याने समाधान मानलं. नाहीतर त्याच्यामागे बंगला उरणार होता आणि बंगले काय, पोपटनेही बांधला होता.

होळीला तीन दिवस असताना शनिवारी ठाण्याहून एक कुटुंब आलं. नवरा प्रीतम, बायको योगिनी, आठेक वर्षांची संचिता आणि तिच्याहून लहान नील. दुपारी ठाण्यात पंखा पुरत नव्हता, तेव्हा थंडी संपली असा हिशेब करून पोरांना अर्ध्या चड्ड्यांवर आणलेलं. फाल्गुनात नदीकाठ दिवसा तव्यासारखा आणि पहाटे माठासारखा असतो, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. सांगू शकणारा होता, तो संध्याकाळी काठी टेकत मजा बघायला आला.

मजा भरपूर होती. अख्खं शेत मोकळं पडलेलं असताना प्रीतमने तंबू नेमका नदीच्या कडेच्या खोलगट जागेत ठोकला होता, जिथे रात्रीचा सगळा गारठा उतरून बसतो. जाळीची खिडकी होती ती त्याने पक्की बंद केली, कारण आतली ऊब बाहेर जाऊ नये. चार माणसांच्या श्वासाचं पाणी कुठे जाणार, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. खाली अंथरायला त्याने पंपाने हवा भरायची गादी आणली होती आणि तो पंप पायाने दाबताना त्याचा चेहरा विहीर खणणाऱ्या माणसासारखा गंभीर झाला होता. पोरं पाण्यात खेळून ओल्या कपड्यांनिशीच फिरत होती. मयूरने शेकोटीसाठी ठेवलेला लाकूडफाटा त्यांनी उजेड असतानाच जाळून टाकला, काटकीला पांढरे गोड गोळे टोचून ते भाजण्यासाठी.

राघो पाहतोय म्हटल्यावर प्रीतमने त्याला माहिती पुरवली. "काका, हा फोर सीझन टेंट आहे. चारी ऋतूंत चालतो."

"आमच्याकडं तीनच होतात," राघो म्हणाला आणि घरी आला.

घरी त्याने कमळाबाईला सगळं नक्कल करून सांगितलं. कमळाबाई हसली नाही. गोठ्याशेजारी पेंढ्याची उडवी उभी आहे, चार पेंड्या गादीखाली टाकायला द्या आणि दोन घोंगड्या पाठवा, पोरं लहान आहेत, असं तिचं म्हणणं पडलं. मयूर घरात नव्हता. नदीपलीकडच्या गावात हळद होती आणि अर्धं गाव तिकडे नाचायला गेलं होतं.

राघो म्हणाला, "ठान्याची हवा भरलीय गादीत. गरम असंल." आणि जेवायला बसला. पेंढा उडवीतच राहिला. एकदा थंडी खाल्ली की पुन्हा येणार नाहीत, मयूरचं डोकंही ठिकाणावर येईल, असा त्यामागे साधा हिशेब होता.

पहाटे उजाडायच्या आत नेहमीप्रमाणे त्याला जाग आली. गोठ्याकडे जाताना त्याला नदीच्या अंगाला आभाळ लाल दिसलं. सूर्य त्या बाजूला उगवत नाही. राघोने काठी उचलली आणि गुडघ्याची पर्वा न करता उतरणीने निघाला.

शेताला लागून गावाचा होळीचा माळ. तिथे शुक्रवारी गावातल्या पोरांनी जंगलातून आणलेला सावरीचा उंच खांब रोवला होता, भोवती घराघरातून जमवलेली लाकडं रचली होती. ती होळी बुडापासून शेंड्यापर्यंत धडाडून पेटली होती. आणि तिच्यासमोर चटई अंथरून ठाण्याचं कुटुंब बसलं होतं, थिएटरात बसावं तसं.

प्रीतमने त्याला पाहताच सगळी हकीकत सांगितली, आणि तक्रारीच्या सुरात सांगितली. पहाटे तंबूच्या छतातून आतच पाऊस पडायला लागला. हवेची गादी बर्फाच्या लादीसारखी झाली. अंगावर होतं नव्हतं ते चढवलं, टॉवेल गुंडाळले, तरी नीलची हुडहुडी थांबेना, त्याचे ओठ निळे पडले आणि तो रडायचाही बंद झाला, तेव्हा योगिनी घाबरली. मयूरला फोन लावले, तो डीजेपुढे असल्याने उचलत नव्हता. गाडी वर बंगल्यापाशी होती. पोरांना घेऊन तिकडे निघाले तर वाटेत तीन कुत्री अंगावर आली. ती राघोचीच होती. मग परत फिरताना ही रचलेली लाकडं दिसली. मयूरच्या जाहिरातीच्या फोटोत हीच शेकोटी होती, म्हणजे सोय केलेली आहे, नुसती पेटवायची राहिलीय, असं त्यांना वाटलं.

"पण व्यवस्था चांगली आहे हं काका," तो शेवटी म्हणाला. "फक्त जरा जवळ हवी होती."

ठाण्याच्या सोसायटीत चार फळकुटांची होळी पाहून वाढलेल्या माणसाला एवढी मोठी होळी ओळखू येईना, यावर एरवी राघो वर्षभर हसला असता. तेवढ्यात मयूर हळदीहून आला. गालाला हळद, डोळ्यांत झोप, आणि समोरचं पाहून तोंडाचा झालेला चंबू. त्याने धावत जाऊन गुरांच्या पाण्याची बादली उचलली.

"होलीवर पानी घालतंस?" राघो ओरडला.

बादली मयूरच्या हातातून सुटली. पेटलेली होळी विझवत नाहीत, ती वेळेवर पेटलेली असो की नसो. ती जळताना बघण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नीलच्या गालांवर रंग परतला होता आणि तो आईच्या मांडीत झोपला होता.

"आजोबा, तिकडे धूर येतोय. इकडे या, इथे जास्त गरम आहे," संचिता म्हणाली आणि चटईवर सरकली.

राघोने खाली पाहिलं. आपले दोन्ही तळवे जाळाकडे पसरलेले आहेत, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्याने ते मागे घेतले, पण पोरीने पाहायचं ते पाहिलं होतं.

ऊन वर येईपर्यंत गाव देवळाच्या मंडपात जमलं. हळदीत जागलेली माणसं झोप टाकून आली होती, यावरून प्रकरण केवढं झालं होतं ते कळावं. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. प्रीतमलाही बोलावलं होतं आणि तो तंबूची पिशवी छातीशी धरून उभा होता. मधोमध जोमातात्या. गावात वयाने सगळ्यांत मोठे, आणि असल्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. राघोने गेली कित्येक वर्षं या मंडपात बसून एकेकाची टर उडवली होती. आज सगळे पहिल्या रांगेत जागा धरून बसले होते.

पोपट भोईरने मोबाइल काढला आणि मयूरची जाहिरात हातोहात फिरवली. फोटो गेल्या वर्षीच्या होळीचा होता. त्यात हातात गवताची पेटती चूड घेतलेला, उघड्या अंगाचा राघो स्वतः उभा होता, आणि खाली लिहिलं होतं, नदीकाठी बोनफायरचा थरार. मंडपात हसू पिकलं.

"पाटील शेकोटीवाले झाले," पोपट म्हणाला. "हाटेलात वाढपी ठेवतात, तसा यांनी जाल लावायला बाप ठेवलाय."

मयूरने मान खाली घातली. त्याने फोटो लावताना फार विचार केला नव्हता, जाळ चांगला दिसत होता एवढंच.

जोमातात्यांनी हात वर केला. लाकडं पुन्हा आणायची, खांब पुन्हा तोडायचा आणि तेही दोन दिवसांत, तेव्हा गाव चिडलंय हे बरोबरच, असं ते म्हणाले. यंदाची होळी पोपट पेटवील. पुढच्या वर्षी मान परत पाटलांच्या घरात जाईल. मात्र ज्याच्या पाहुण्यांनी हे केलं, त्याचा हात होळीला पुन्हा कधी लागायचा नाही. इतकं सांगून त्यांनी राघोकडे पाहिलं.

"बोल, राघो. पावने कोनाचे? तुजे का पोराचे?"

उत्तर सोपं होतं. ते राघोने टपरीवर इतक्यांदा दिलं होतं की मंडपातल्या कुणीही त्याच्या वतीने दिलं असतं. ते येडे मयूरचे, माजा संबंध नाय. एवढं बोलला की पुढच्या वर्षी चूड परत त्याच्या हातात, गुडघा असो नसो, मरेपर्यंत. मयूरने तसंही 'ठीक आहे'च म्हटलं असतं. मयूर पुढे झालाच होता. "गिऱ्हाईक माझं आहे," असं काहीतरी तो पुटपुटायला लागला होता.

राघोने खांबांकडे पाहिलं. बायकांमध्ये कमळाबाई उभी होती. चार पेंड्यांबद्दल तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती, आणि तेच राघोला जड गेलं. पोपट दात काढून वाट पाहत होता.

"माजे," राघो म्हणाला. "माज्या शेतात झोपले, माज्या कुत्र्यांनी आडवले. घरात पेंढा होता, बायको द्या बोलली, मी दिला नाय. पोर निलं पडलं. पावने माजे."

प्रीतमला यातलं किती कळलं कोण जाणे, पण काहीतरी बोलायला हवं असं वाटून तो पुढे आला. चूक आपलीही आहे, पुढच्या वेळी आपण जाड स्लीपिंग बॅग आणू, असं म्हणू लागला.

"तू गप," राघो म्हणाला. "खिडकी उघडी ठेवायची तेवढं शिक पयलं."

मंगळवारी संध्याकाळी नव्याने रचलेली होळी उभी राहिली. खांब ओला होता, लाकडंही घाईघाईत आणलेली. राघो येणार नाही असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पण तो आला, आणि पुढच्या रांगेत नाही, मागे, पोरांच्या आणि परगावाहून आलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यात उभा राहिला. तिथे उभं राहायची त्याला सवय नव्हती. पुढच्यांच्या डोक्यांवरून त्याला नीट दिसेना, म्हणून तो टाचा वर करून पाहत होता. नारळ झाला, नैवेद्य झाला. पोपटने नवं धोतर नेसलं होतं. त्याने चूड लावली, ती विझली. पुन्हा लावली, धूर झाला आणि सगळा बायकांच्या अंगावर गेला. राघोने नाकातून आवाज काढला. शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं.

मयूर गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ आला. दोन दिवस दोघं एकमेकांशी जेवणापुरतंच बोलले होते. पोपटने तिसऱ्यांदा चूड खुपसली तेव्हा मयूरने हळूच विचारलं, "लागत का नाही हो बाबा? कुठून लावायला पाहिजे?"

राघोने त्याच्याकडे असं पाहिलं, की कॉलेजाची सगळी वर्षं वाया गेली हे उघड झालं.

"वारा कुनीकडून हाय?" त्याने विचारलं.

मयूरला सांगता येईना. राघोने त्याचं बोट धरून आधी स्वतःच्या थुंकीने ओलं केलं, मग हवेत उभं धरलं आणि म्हणाला, "आता सांग."