नारळ खंय फोडलास?

'व्हय म्हाराजा' हे शब्द कानावर पडले की मालवण किनाऱ्यावरचं ते ड्रोनचं प्रकरण आठवतं आणि मला आजही हसू येतं.

देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आले. ट्रस्टने जत्रेतल्या गर्दीवर नजर ठेवायला ड्रोन घेतला होता. तो सेक्रेटरींच्या ताब्यात असे.

"साहेब, तारकर्लीक माझ्या पुतणीच्या लग्नात आमच्या सेक्रेटरीन देवाचो ड्रोन उडवलो, आणि वर माकाच बिल दिल्यान!" संतापात अध्यक्ष ठाण्यातली शुद्ध मराठी पार विसरले होते.

सेक्रेटरी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीत लग्नांचं चित्रीकरण करायचे. गुन्हा दाखल झाला असता तर निलंबन ठरलेलं. मी त्यांना ठाण्यात बोलावून घेतलं, पण जबाब पक्का. "ड्रोन ट्रस्टसाठीच घेतला. लग्नात फक्त सराव केला. बिल माझ्या कॅमेऱ्याचं." ठराव, पावती, सगळं चोख. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. उपयोग शून्य.

मग डोकं थंड केलं. मी मासळीबाजारात टोपल्या उचलून वाढलेला, शिपायाचा फौजदार झालेला माणूस. आमच्याकडे साधी स्कूटर घेतली तरी देवापुढे नारळ फोडून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गुरव देवाला खरेदीचं कारण सांगून यश मागतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. दोघांना घेऊन सरळ देवळात गेलो आणि गुरवांना विचारलं, "ड्रोनचं गाऱ्हाणं काय घातलंत?"

त्यांनी हात जोडून जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान लग्नाचे फोटो काढूच्या धंद्यासाठी ह्या यंत्र हाडल्यान आसा. तेच्या धंद्याक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझा हवालदार गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने बोलून गेला.

मी सेक्रेटरींकडे वळलो. "गाऱ्हाणं खोटं होतं, असं इथे उभं राहून म्हणा. आत्ता सोडतो."

त्यांनी देवाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "नाय साहेब. ता खरा आसा. माझ्याकडे पैसे नव्हते, म्हणान ट्रस्टच्या नावान घेतलंय."

ड्रोन सेक्रेटरींनीच ठेवायचा ठरला, पण भरपाई ठरवताना ते वापरलेल्या वस्तूचा भाव सांगू लागले. मी नव्याचाच लावला, शिवाय दरवर्षी जत्रेचं चित्रीकरण फुकट. अध्यक्षांनी अर्ज मागे घेतला, मास्तरांची नोकरी वाचली.

वरिष्ठांनी अहवालात 'माझ्या मार्गदर्शनाखाली' असं लिहून शाबासकी खिशात घातली. देवळाची पायरीही न चढलेला माणूस! ते मला अजून सलतं.

पण एक शिकलो. पोलिसांपुढे खोटं बोलणाराही देवाला खरं कारण सांगतो. नाहीतर यश मागणार कशात? त्यानंतर खरेदीच्या कुठल्याही चौकशीत पावती मी मागाहून पाहिली. गाऱ्हाणं कुठल्या देवळात घातलं ते कळावं म्हणून पहिला प्रश्न एकच असे, "नारळ खंय फोडलास?"